चुकांचे आकडे आधी वाचा

स्विच म्हणजे काय, फ्रेम म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. तुमच्यातले निम्मे लोक रोज याच कामात असतात. माझे म्हणणे एकच आहे. नेटवर्कची प्रकृती पाहायची असेल तर वाहतुकीच्या आलेखाआधी प्रत्येक पोर्टवरच्या चुकांचे काउंटर वाचले पाहिजेत. आपण हा क्रम उलटा लावून बसलो आहोत. आलेख खाली दिसला की आपण निश्चिंत होतो. पण पुढचा पूल खचला असेल तरीही रस्ता मोकळाच दिसतो.

ही सवय कुठून आली तेही पाहिले पाहिजे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर काम करत होते. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच आणि तीही ६४ किलोबिटची. ती किती भरली आहे हे सर्वांना दिसावे म्हणून त्यांनी एमआरटीजी लिहिले आणि १९९५ साली ते जगासमोर ठेवले. दर ५ मिनिटांनी एसएनएमपीने काउंटर वाचायचा, मागच्या आकड्याशी फरक काढायचा आणि आलेख रेखायचा. त्या लाइनसाठी ‘किती भरली?’ हाच खरा प्रश्न होता. आज ऑफिसातला साधा पोर्टही १ गिगाबिटचा असतो, तरी आपण तोच प्रश्न विचारतो. असा पोर्ट पूर्ण १ सेकंद तुंबला तरी ५ मिनिटांच्या सरासरीत जेमतेम ०.३३ टक्के भर पडते. त्या सेकंदात बफर भरून टाकून दिलेली पॅकेट आलेखात दिसत नाहीत. ती डिस्कार्डच्या काउंटरमध्ये असतात. आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९१ च्या एमआयबी-२ मधला बाइट मोजणारा काउंटर ३२ बिटचा आहे. गिगाबिटच्या पूर्ण वेगाने तो सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो ५ मिनिटांनी वाचला तर मध्ये किती फेरे झाले हे कळायला मार्गच नाही. म्हणून तर २००० सालच्या आरएफसी २८६३ ने २० मेगाबिटच्या वरच्या वेगाला ६४ बिटचा बाइट-काउंटर सक्तीचा केला. कुठे अजून जुनाच काउंटर वाचला जात असेल, तर तिथला आलेख चक्क खोटा असतो.

मागच्या रांगेतून कुजबूज ऐकू येते आहे, की चूक झाली तरी टीसीपी पॅकेट पुन्हा पाठवते, मग बिघडले कुठे? आक्षेप रास्त आहे, म्हणून आकड्यानेच उत्तर देतो. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या सूत्रात वेग हा पॅकेटगळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील आणि शंभरात १ पॅकेट गळत असेल, तर एका जोडणीला साधारण ७ मेगाबिट मिळतात, मग लाइन गिगाबिटची का असेना. टीसीपीच्या काही नव्या पद्धती याहून बऱ्या वागतात. पण हरवलेले पॅकेट ही गर्दीची खूण मानून वेग उतरवणे हा बहुतेकांचा स्वभाव कायम आहे. म्हणजे चुकाच वाहतूक कमी करतात आणि त्या कमी वाहतुकीकडे बोट दाखवून आपण ‘लोड नाही’ असा शेरा मारतो. ज्याच्या फायली उघडायला वेळ लागतो तो तक्रार करत राहतो आणि त्यालाच संगणक बदलायला सांगितले जाते. हा त्याच्यावर अन्याय आहे.

डुप्लेक्सची विसंगती घ्या. १०० मेगाबिटच्या जोडणीत एका टोकाला हाताने फुल डुप्लेक्स बांधले आणि दुसरे ऑटोवर राहिले, की दुसऱ्याला वाटाघाटीचा संकेत मिळत नाही आणि ते हाफवर उतरते. पिंग मात्र व्यवस्थित जाते. रोग दिसतो तो काउंटरमध्ये: हाफच्या बाजूला लेट कोलिजन, फुलच्या बाजूला सीआरसी.

‘थोड्या चुका तर होणारच’ हा दुसरा आक्षेप. खरे आहे, पण थोड्या म्हणजे किती? तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटसाठी मानकाने १,००० कोटी बिटांमागे १ चूक चालवून घेतली आहे. १,५१८ बाइटच्या फ्रेम धरल्या तर हे सुमारे ८ लाख फ्रेममागे १ खराब फ्रेम, असे प्रमाण पडते. तेव्हा सीआरसीचा नुसता आकडा निरुपयोगी आहे. ठरावीक काळातली वाढ काढा आणि तिला त्याच काळात आलेल्या फ्रेमनी भागा. ८ लाखांमागे ५० येत असतील तर केबल, कनेक्टर किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बदलायला झाले आहे.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपला. कट-थ्रू स्विचबद्दल सविस्तर बोलायचे होते, ते एका वाक्यात सांगतो: तो फ्रेम पूर्ण तपासण्याआधीच पुढे सोडतो, म्हणून तीच खराब फ्रेम अनेक स्विचवर मोजली जाते आणि दोष जिथे ती पहिल्यांदा आली तिथे शोधावा लागतो. आणि एक कळकळीची विनंती. तक्रार आली की आधी काउंटर शून्य करण्याची घाई करू नका. प्रत्येक पोर्टचे आकडे वेळेसह उतरवून घ्या, मगच पुसा.