पाताळ, यमलोक आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी पाताळ, नरक आणि यमलोक यांच्याविषयी बोलावयाचे, हे ऐकून आपल्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, यमाची आठवण आपण नेमकी सणासुदीलाच काढतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो, तो यमासाठी. पाडव्याला बळीची पूजा करतो. तो बळी राहतो पाताळात. भाऊबीजेचे पोथीतले नाव यमद्वितीया. श्रावणात नाग पुजतो, तेही पाताळचेच रहिवासी. वर्षभराचा हिशेब मांडला तर खालच्या लोकांशी आपली देवघेव बरीच आहे, आणि ती बहुतेक बायकांच्याच हातून होते. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार मोठा आहे!

प्रथम एक घोटाळा दूर करू. पाताळ म्हणजे नरक नव्हे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल असे पृथ्वीखाली सात लोक पुराणांनी सांगितले. विष्णुपुराणात तर नारदमुनी पाताळ पाहून येतात आणि स्वर्गापेक्षाही ते रम्य आहे असे सांगतात. सुतळात बळीराजा नांदतो आणि वामन त्याच्या दारी द्वारपाळ होऊन उभा आहे. नरक ही निराळी जागा, पाप्यांच्या शिक्षेची. भागवतात असे अठ्ठावीस नरक मोजले आहेत. यमलोक आणखी निराळा. ऋग्वेदातील यम हा मुळी शिक्षा करणारा नव्हेच. पितरांच्या गावची वाट सर्वांआधी त्याला सापडली, आणि मागून येणाऱ्यांचे तो स्वागत करतो. फासा, रेडा, चित्रगुप्ताची वही हा सरंजाम पुढे वाढत गेला.

खाली उतरणे म्हणजे दर वेळी शिक्षा नव्हे, ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला तरी समजावून सांगण्याची गरज नाही. एकीकडे चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची संजीवन समाधी, दुसरीकडे चाकणच्या वाटेवर इंद्रायणीकाठी आळंदी. 1296 साली ज्ञानेश्वरमहाराज तेथे समाधिस्थ झाले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणला एकनाथमहाराजांचा गळा दुखू लागला. स्वप्नात माउली आली आणि म्हणाली, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, येऊन काढ. नाथ आळंदीला आले, समाधीत उतरले, मुळी काढून परत वर आले, अशी कथा आहे. त्या काळी ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठांची भेसळ झाली होती. 1584 साली नाथांनी ती शुद्ध करून दिली, हा इतिहास आहे. कथा आणि इतिहास जोडून पाहा. पूर्वजाचा गळा मोकळा करणे म्हणजे त्याची वाणी मोकळी करणेच की नाही? नाथ खाली गेले ते भीतीने नव्हे, आपल्या माणसाचे दुखणे दूर करण्यासाठी.

आता जगाकडे पाहू. तेथेही याच कारणासाठी माणसे खाली उतरलेली दिसतात. आजच्या इराकच्या भूमीत साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर इनान्ना देवीची कथा लिहिली गेली. ही देवी पाताळात जाते. वाटेवर सात दरवाजे. प्रत्येक दरवाजात तिचा एकेक दागिना, एकेक वस्त्र काढून घेतले जाते. मृत्यूच्या दारी राणीलाही काही नेता येत नाही, हे त्या लोकांनी किती साधेपणाने सांगितले! ती परत येते, पण बदली माणूस देण्याच्या बोलीवर. तिचा नवरा दुमुझी याची त्यासाठी निवड होते. तेव्हा त्याची बहीण गेश्तिनान्ना पुढे होते आणि ठरते की, वर्षातले सहा महिने भावाने खाली राहावे, सहा महिने बहिणीने. भगिनींनो, ही त्यांची भाऊबीजच नाही का? आपल्याकडे यमुना आपल्या भावाला, प्रत्यक्ष यमाला, घरी बोलावून जेवू घालते. ज्याला पाहून जग घाबरते, त्याच्यासाठीही एका घरी पाट मांडलेला आहे!

ग्रीक लोकांच्या पुराणात डिमीटर ही धान्याची देवता. तिची मुलगी पर्सेफोनी पाताळाच्या राजाने पळवून नेली, तेव्हा आईने शेते पिकविणेच थांबविले. अखेर देवांना नमावे लागले. पण मुलीने तेथे डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून वर्षाचा काही काळ तिला खाली राहावे लागते. तेवढे दिवस पृथ्वी उजाड. चीनमध्ये मूलियान, म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, आईला सोडविण्यासाठी नरक धुंडाळतो. कोणी मुलीसाठी, कोणी भावासाठी, कोणी आईसाठी. देश निराळे, पण काळीज एकच.

मग नरकाचे भय आले कोठून? भयाचाही उपयोग आहे. मिसर देशात मेलेल्याचे हृदय तराजूत घालून दुसऱ्या पारड्यात पीस ठेवीत. खोटेपणाने जड झालेले हृदय तेथे उघडे पडे. इटलीचा कवी दांते 1321 साली वारला. त्याने नरकाची नऊ वर्तुळे वर्णिली आणि लाचखाऊ अधिकाऱ्यांना उकळत्या डांबरात बसविले. राज्यात ज्यांना कोणी शिक्षा करीत नाही, त्यांना कोठेतरी जाब द्यावा लागेल, असा दुबळ्यांना त्यात दिलासा असतो. पण हाच नरक दुःखात बुडालेल्या घराला घाबरविण्यासाठी काढला की तो क्रूर होतो. त्या दिवसांत गरुडपुराण लावतात. वैतरणीची वर्णने ऐकून, ज्या आईचा मुलगा गेला तिच्या जिवाला काय वाटत असेल? अशा वेळी मला महाभारताचा शेवट आठवतो. आपले भाऊ आणि द्रौपदी नरकात आहेत असे धर्मराजाला दिसते. तो जवळ आल्याने त्यांना गारवा वाटतो, एवढे कळताच तो म्हणतो, मी येथेच राहीन. आपल्या माणसांना टाकून त्याला स्वर्ग नको होता.

कादंबरीकारांनी आणि चित्रपटांनीही पाताळ सोडलेले नाही. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नने 1864 साली पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कादंबरी लिहिली; दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात अ‍ॅलिस सशाच्या बिळातून खाली घसरली. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1914 साली सत्यवान-सावित्रीची कथा पडद्यावर आणली. अलीकडे तर वर्तमानपत्रांनी गुंडांच्या टोळ्यांनाच ‘अंडरवर्ल्ड’ म्हणावयास सुरुवात केली, आणि 2020 साली ‘पाताल लोक’ नावाची हिंदी मालिका आली. बळीच्या रम्य राज्याचे नाव कोठे येऊन पडले पाहा! मात्र 2017 चा ‘कोको’ हा चित्रपट नातवंडांबरोबर जरूर पाहावा. त्यात मेक्सिकोतील मृतांचे गाव दाखविले आहे. जोवर वर कोणी आठवण काढते, तोवरच तेथले माणूस टिकते. आपला पितृपंधरवडा याहून निराळे काय सांगतो?

आता सावित्रीकडे येते, कारण मला जे मुख्य सांगावयाचे ते तिच्याविषयी आहे. वनपर्वातील तिची कथा नीट वाचावी. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष आहे हे नारदाकडून कळल्यावर, वडिलांनी दुसरा वर पाहा म्हटले तरी ती ढळली नाही. यम प्राण घेऊन दक्षिणेला निघाला, ती मागोमाग चालली. तिने त्याच्याशी भांडण केले नाही, आकांत केला नाही. ती म्हणाली, सात पावले बरोबर चालले की मैत्री होते. तेव्हा आता आपण मित्र झालो. आणि ती धर्माविषयी इतके सुंदर बोलत राहिली की यमच प्रसन्न होत गेला. प्रत्येक वेळी तो म्हणे, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. तिने पहिला वर मागितला तो सासऱ्यांच्या दृष्टीचा. मग त्यांचे राज्य, मग वडिलांना पुत्र, मग स्वतःला पुत्र. शेवटी प्राण वगळण्याची अट घालावयास यम विसरला, आणि तिने नेमके तेच मागितले. ही बुद्धीची, वाणीची आणि धीराची कथा आहे.

आणि आपण तिचे काय केले? जिचा नवरा जिवंत ती पुण्यवान, जिचा गेला तिचे पुण्य कमी पडले, असे तिला मोजमाप बनविले. आपला हा कारखान्यांचा पट्टा. येथे रात्रपाळीला गेलेला माणूस कधी यंत्रावर, कधी महामार्गावर अपघातात सापडतो. त्याच्या पत्नीने कोणते व्रत चुकविले होते? तरी वटपौर्णिमेला ती दार लावून घरात बसते आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण तिच्या दारावरून पुढे जाते. यमाने सावित्रीला आपल्याबरोबर चालू दिले. आपण मात्र शेजारणीला चार पावले बरोबर घेत नाही! 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तो आदर्श घेण्यास सांगितले. एका खेडेगावाला जे जमले ते आपल्याला अवघड नाही. येत्या वटपौर्णिमेला आपल्या मंडळाच्या आमंत्रणात सधवा-विधवा असा भेद नसावा, एवढी सूचना मी आज सर्वांपुढे ठेवते.

जाता जाता एवढेच सांगते. 1954 साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या औषधाने कितीजणांना यमाच्या दारातून परत आणले असेल! जेथे परत आणता येते तेथे सावित्रीसारखी बुद्धी चालवावी. जेथे येत नाही तेथे मागे राहिलेल्यांना धर्मराजासारखी सोबत करावी. यमलोकाच्या साऱ्या कथांतून मला तरी एवढेच शहाणपण सापडले.