हाडांचा ठिसूळपणा : कॅल्शियम किती, औषध कोणाला?

साठी ओलांडलेलं माणूस घरात असलं, की कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी हमखास सापडते. कोणी गुडघे दुखतात म्हणून त्या घेतं, कोणी अशक्तपणा वाटतो म्हणून, कोणी शेजारणीला गुण आला म्हणून. त्याच घरात डॉक्टरांनी ठिसूळ हाडांसाठी लिहून दिलेलं औषध मात्र दोन महिन्यांत बंद झालेलं असतं. 'त्यानं जबडा खराब होतो' असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ज्याची गरज बेताची ते वर्षानुवर्षं चालू आणि ज्याची गरज मोठी ते बंद, असा हा उलटा व्यवहार आहे. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

गुडघेदुखी आणि हाडांचा ठिसूळपणा हे दोन वेगळे आजार आहेत. गुडघा दुखतो तो बहुधा सांध्याची झीज झाल्यामुळे. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो. पाठीचा मणका तर भरलेली बादली उचलतानाही दबतो. उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतला एक जण वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही.

पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. पुरुषांचीही होतात, पण सावकाश. दमा किंवा संधिवातासाठी महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका लवकर गाठतो.

आता कॅल्शियमचं पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. यातलं बरंचसं जेवणातून मिळतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम असतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे मध्यम भाकरीत पावणेदोनशे. मोठ्या चमचाभर तिळात शंभराच्या आसपास. दही, ताक, मेथी, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे हेही मोजा. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते अंगी फार कमी लागतं. दूध-दही-नाचणी रोज असेल, तर आठशे ते हजार मिलिग्रॅम ताटातूनच येतं. उरलेलं भरून काढायला दिवसाला एक गोळी पुष्कळ झाली.

गोळीच्या पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या. पित्तासाठी रोज ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल चालू असेल, तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. आणि जास्त म्हणजे चांगलं, हा समज सोडा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात खुबा मोडण्याचं प्रमाण खात्रीनं कमी झालेलं दिसलं नाही. मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडीही ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची असते, मनानं वर्षभर चालू ठेवायची नसते.

म्हणजे कॅल्शियम हवंच, पण एकदा हाडं ठिसूळ झाली की त्याच्या एकट्याच्या बळावर ती सांभाळली जात नाहीत. तिथे औषधाचा प्रश्न येतो आणि त्याआधी तपासणीचा. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात, त्यावरून औषध ठरवू नये. खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी करावी. तिचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजेच हाडांचा ठिसूळपणा. साध्या पडण्यानं खुबा किंवा मणका मोडून गेला असेल, तर आकडा काहीही असो, औषधाचा विचार व्हायलाच हवा.

जुनं आणि भरपूर वापरलेलं औषध म्हणजे अॅलेंड्रोनेट, आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, आधीच मणका दबलेल्या स्त्रियांना तीन वर्षं हे औषध दिलं. औषध न घेणाऱ्या शंभर जणींपैकी पंधराजणींचा नवा मणका दबला, घेणाऱ्यांत आठजणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. ही गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. हे ज्यांना जमत नाही, ज्यांना अन्ननलिकेचा त्रास आहे, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड आहे. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलं असेल, तर ही दोन्ही चालत नाहीत.

आता जबड्याची भीती. ती खोटी नाही. पण ही औषधं या आजारासाठी वापरतात त्या मात्रेत जबड्याचं हाड खराब होणं ही दर वर्षी दहा हजारांत एखाद्याच्या किंवा त्याहूनही कमी जणांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. औषध सुरू करण्याआधी दात काढायचे असतील ते काढून घ्यावेत, म्हणजे तो धोका आणखी घटतो. मांडीचं हाड विचित्र पद्धतीनं मोडण्याचा धोका ही औषधं दीर्घकाळ घेतल्यावर वाढतो, म्हणूनच साधारण पाच वर्षांनी डॉक्टर फेरतपासणी करतात आणि धोका कमी असेल तर औषधाला विश्रांती देतात. त्याआधी मांडीत किंवा जांघेत दुखू लागलं, तर लगेच दाखवा. एकाच तराजूत दोन्ही पारडी ठेवून पाहा: एकीकडे हे विरळ धोके, दुसरीकडे मणका दबणाऱ्या शंभरांतल्या त्या पंधराजणींच्या आठजणी होणं. ज्याचा धोका मोठा, त्याचं पारडं औषधाकडेच झुकतं. ज्याचा टी-स्कोर उणे दीड आहे आणि हाड कधी मोडलेलं नाही, त्याला बहुधा आहार, चालणं आणि थोडा वजनाचा व्यायाम पुरतो.

एक इशारा फार महत्त्वाचा. दर सहा महिन्यांनी कातडीखाली दिलं जाणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन प्रभावी आहे, पण ते मध्येच सोडता येत नाही. पुढचा डोस चुकला की काही महिन्यांतच हाडांची झीज उसळून येते आणि काहींचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. ते थांबवायचं असेल, तर त्याजागी दुसरं औषध द्यावंच लागतं. म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्यापूर्वीच विचारा: हे किती वर्षं, आणि त्यानंतर काय?

श्रोतेहो, पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझं हाड मोडण्याचा धोका किती आहे? माझ्या जेवणात कॅल्शियम किती कमी पडतं? मला औषध लागतं का, आणि लागत असेल तर कुठलं? ते कधी आणि कसं थांबवायचं? घरी न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी बसवून घ्या, रात्री उठताना दिवा लावा. आणि चालू औषध कोणाच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, बंद करू नका.