आधी आपण, मग मुलं


५ जानेवारी २०१८ हा दिवस आपण इंदूरकर विसरलेलो नाही. बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली. ४ मुलं आणि चालक गेले. तेव्हा मुलांना नियम शिकवण्याआधी आपण शाळेत विचारावं : बसचा स्पीड गव्हर्नर चालू आहे ना? सीटला पट्टे आहेत ना?

स्कूटरवर ४ वर्षांपुढच्या मुलालाही कायद्याने हेल्मेट लागतं. ते आजच आणा. लाल दिव्याला थांबा, मागे बसलेलं पोर तेच शिकतं.

अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या निघतील. मुलाच्या खिशात आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर आहे तिथेच थांबायचं आणि चिठ्ठी पोलिसाला दाखवायची, हे घरूनच सांगून निघा.

गणपती बाप्पा मोरया!