पाते नवे आहे ना?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात भराभर केस गळू लागले, तेव्हा पाण्यापासून शाम्पूपर्यंत सगळ्याची चौकशी झाली. दाढीच्या पात्याकडे मात्र आपण एरवी बघतही नाही. ‘हेपेटायटिस सी’ या काविळीच्या विषाणूची धास्ती घेतलेले काही जण तेवढे विचारतात, ‘सलूनमधून तर लागली नसेल?’

हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एकाला लागलेले पाते तसेच दुसऱ्याच्या गालावर फिरले, तर धोका असतो. मोठा नाही, पण असतो. कंगवा, टॉवेल यांची भीती नको. तुरटी फिरवली की झाले, हा समज मात्र सोडा. तुरटीने रक्त थांबते, विषाणू मरत नाही. वस्तऱ्यात नवे अर्धे पाते आपल्यासमोर घालायला सांगा. सलूनवाले दादा रागावणार नाहीत, आणि रागावले तरी चालेल! घरातही रेझर, नेलकटर ज्याचे त्याचे.

पाते लागले आणि शंका आली, तर दुसऱ्याच दिवशी तपासणीला धावू नका. तपासणीत शोधली जाणारी, विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. या आजारावर लस नाही, पण गोळ्या आहेत. बहुधा बारा आठवड्यांच्या औषधाने शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ पासून विषाणूजन्य कावीळ नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत; चौकशी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात करा.