बिघाड नेमका कुठे आहे? हॅम रेडिओ आणि घरातले आजारी कॉम्प्युटर

आजचा विषय जरा जुन्या सामानाचा आहे. हॅम रेडिओ, आणि त्याच्याशेजारी धापा टाकत चालणारे जुने कॉम्प्युटर. मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. घरचे ज्या खोलीला ‘भंगारखाना’ म्हणतात, तिला आम्ही हॅम लोक ‘शॅक’ म्हणतो. तिथे दोन रेडिओ आहेत, तीन कॉम्प्युटर आहेत, आणि पाचांपैकी एक तरी कायम उघडा पडलेला असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणं. मधे मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. परवाना मात्र लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती देता येते. पास झालात की कॉलसाइन मिळतं. ते फक्त तुमचं, जगात दुसऱ्या कुणाचंच नाही. आपल्याकडची बहुतेक कॉलसाइन ‘व्हीयू-टू’ किंवा ‘व्हीयू-थ्री’ने सुरू होतात. परवाना नसताना प्रसारणाचं बटण दाबणं हा गुन्हा आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझा आवडता पट्टा सात मेगाहर्ट्झचा. आम्ही त्याला ‘चाळीस मीटर’ म्हणतो. त्याची साधी अँटेना म्हणजे मधोमध केबल जोडलेली, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. बस्स. दिवसा या पट्ट्यावर नाशिक, कोल्हापूर, बेळगाव अशी जवळची मंडळी भेटतात. सूर्य मावळला की गंमत सुरू होते. आयनांबराचा सगळ्यात खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. अंधार पडला की तो विरतो. मग वरच्या थरावरून उसळी घेत आपला आवाज हजारो किलोमीटर जातो. गच्चीवरच्या एका तारेतून!

आता कॉम्प्युटर. हॅमच्या खोलीत कॉम्प्युटर नेहमी जुनाच का असतो? कारण नवा घरच्यांना लागतो. पण काम जुन्यावरही भागतं. कुणाशी कधी बोललो त्याची नोंद ठेवायची, रेडिओ केबलने जोडून फिरवायचा, आणि डिजिटल संदेश पाठवायचे. एवढंच. प्रश्न असा की हे जुने गडी आजारी पडतात आणि रेडिओसुद्धा कुरकुरतो. मग या छंदातलं खरं काम सुरू होतं: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणं. तीन केसेस सांगतो.

पहिली केस गोंगाटाची. एका संध्याकाळी चाळीस मीटरवर नुसती घरघर. कुणाचाच आवाज येईना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं तर सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसत होत्या. आकाशातला गडगडाट असा शिस्तीत येत नाही. शिस्त दिसली की समजायचं, हे माणसाने बनवलेल्या यंत्राचं काम आहे. मग पद्धत अशी: रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यायचा आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. गोंगाट थांबला, म्हणजे चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जायचं. चोर निघाला माझ्याच जुन्या लॅपटॉपचा बदली चार्जर. असे चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून काम करतात. आतला फिल्टर नीट नसेल तर तो कचरा रेडिओत येतो. चार्जरच्या वायरचे सात-आठ वेढे फेराइटच्या रिंगमधून घेतले आणि गोंगाट निम्म्याहून कमी झाला. चार्जर बदलल्यावर पट्टा स्वच्छ.

याच्या उलटही होतं बरं का. मी प्रसारण सुरू केलं की माउसचा बाण आपोआप नाचायला लागतो, कारण रेडिओची शक्ती यूएसबीच्या वायरमधून कॉम्प्युटरमध्ये घुसते. इलाज तोच, फेराइट. एका खोलीत दोन भाडेकरू, आणि दोघांचीही एकमेकांबद्दल तक्रार!

दुसरी केस घड्याळाची. एफटी-एट नावाची एक डिजिटल पद्धत आहे. ती २०१७ मध्ये आली. ती तयार करणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. हे तेच टेलर ज्यांना १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलवाला माणूस आपल्यासारखाच हॅम आहे, हे मला फार आवडतं. या पद्धतीत १५ सेकंदांचे ठरलेले भाग असतात. एका भागात एकाने बोलायचं, पुढच्यात दुसऱ्याने. आपल्या कानाला ऐकूही येत नाहीत इतके क्षीण संदेश कॉम्प्युटर गोंगाटातून वेचून काढतो. अट एकच: सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. एक-दोन सेकंदांचा फरक पडला की खेळ बिघडतो.

तर एके दिवशी रेडिओ ठणठणीत, अँटेना ठीक, पडद्यावर संदेशांच्या रेघा दिसतायत, पण शब्द एकही नाही. अशा वेळी साखळी मधोमध तोडून बघायची. रेघा दिसतायत म्हणजे अँटेना, रेडिओ, केबल, साउंड कार्ड हे सगळं निर्दोष. अर्धी साखळी एका फटक्यात सुटली. उरला कॉम्प्युटर. तारीख बघितली तर १ जानेवारी, आणि सालसुद्धा कधीचं तरी. मदरबोर्डवर एक छोटा गोल सेल असतो, सीआर २०३२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन सेल आणून बसवला, घड्याळ लावलं, आणि पुढच्याच मिनिटात जपान दिसायला लागला.

आता तिसरी केस. ही सांगताना मी थोडा हळू बोलणार आहे.

हॅम मंडळींमध्ये कुणी गेलं की आम्ही त्या माणसाला ‘सायलेंट की’ म्हणतो. की म्हणजे मोर्सचा कट्-कट् वाजणारा खटका. तो आता शांत झाला. आमच्या ओळखीचे एक काका असेच गेले. काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. खोली रिकामी करायची होती आणि भंगारवाला रविवारी येणार होता. त्या म्हणाल्या, “रेडिओ कुणाला हवा असेल तर घेऊन जा. पण त्या कॉम्प्युटरमध्ये ह्यांच्या नोंदी आहेत म्हणे. त्या निघतील का रे?”

कॉम्प्युटर जुना, विंडोज एक्सपीचा. चालू केला की हार्ड डिस्कमधून टक-टक-टक. हा आवाज वाईट. अशी डिस्क आणखी किती वेळ फिरेल, कुणीच सांगू शकत नाही. इथे एक नियम आहे आणि तो तुम्हीही लक्षात ठेवा: आधी प्रत, मग दुरुस्ती. विंडोज पुन्हा टाकायचं नाही, स्कॅन चालवायचं नाही, पुन्हापुन्हा चालू-बंद करून बघायचं नाही. डिस्क बाहेर काढली, लिनक्सच्या मशीनला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम लावला. तो आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो आणि अडणारे भाग शेवटी ठेवतो. म्हणजे डिस्क मधेच बंद पडली तरी जास्तीत जास्त माल हाती लागलेला असतो.

रात्रभर ते चाललं. थोडे भाग गेले, पण नोंदींची फाइल सापडली. आणि ती उघडली, कारण काकांनी ती एडीआयएफमध्ये ठेवली होती. एडीआयएफ म्हणजे हॅम नोंदींचा जगभर चालणारा साधा मजकुराचा साचा. नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येतो. तारीख, वेळ, समोरच्याचं कॉलसाइन, आणि शेवटी काकांचे शेरे: ‘आवाज स्वच्छ’, ‘तिकडे बर्फ पडतोय’, ‘मुलाची परीक्षा आहे म्हणाला’. मी ते छापून काकूंना दिलं. त्या बराच वेळ वाचत बसल्या. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा दिवस मला आठवतो. चहा गार झाला होता.”

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल असताना हे सगळं कशाला? एक उत्तर संकटाचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी रेडिओ घेऊन निरोप पोचवायला धावली होती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम हौसेनं अंदमानात रेडिओ केंद्र चालवत होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच हौशी केंद्र बाहेरच्या जगाशी बोलण्याचा आधार झालं.

पण रोजच्या जगण्यासाठी मला दुसरं उत्तर महत्त्वाचं वाटतं. आपल्या हातातल्या वस्तू अशा झाल्यात की बिघडल्या की फेकायच्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला आणि कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात ‘म्हातारे’ ठरले. त्यातल्या अनेकांवर हलकं लिनक्स छान चालतं. ‘खराब झालंय’ हे निदान नाही, ती फक्त तक्रार आहे. निदान म्हणजे काय चालतंय आणि कुठून पुढे चालत नाहीये, हे बोट ठेवून दाखवणं. ही सवय एकदा लागली की सेल, चार्जर आणि डिस्क यांतला फरक कळतो. आणि मग रविवारी भंगारवाला येण्याआधी कुणाची तरी तीस वर्षं वाचवता येतात.

तर आजचा गृहपाठ. एक: मोबाइलच्या ब्राउझरवर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर शोधा. तिथला रेडिओ तुम्ही इथून फिरवू शकता. रात्री सात मेगाहर्ट्झवर जा आणि नुसतं ऐका. दोन: एखादा जुना डेस्कटॉप उघडताना वायर काढून ठेवा, पण त्याचा एसएमपीएसचा डबा खोलू नका. वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतात. आणि तीन, हे आजच करा: घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांचं काय-काय कुठल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकलंय. त्याची एक प्रत काढून ठेवा. डिस्क टक-टक करायची वाट बघू नका.

आम्ही हॅम लोक निरोप घेताना ‘७३’ म्हणतो, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तर मंडळी, ७३! भेटू पुढच्या भागात.