बाबांनी भरलेली फी आणि आमचं राहून गेलेलं क्रेडिट

आजचा भाग टॅक्सवर आहे, आणि तोही अमेरिकेतल्या टॅक्सवर. लगेच इअरफोन काढू नका. तुमच्यातले बरेच जण इथे शिकतायत, काही जण व्हिसाच्या तारखेची वाट बघतायत, आणि काहींचे दादा-वहिनी इथे आहेत. त्या दादा-वहिनींना तर हा भाग जरूर पाठवा, कारण आज सांगणार आहे ती चूक आमच्याच घरात झाली. आमचे ४,६१८ डॉलर आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, नुसते पडून होते. त्यातले १,८८० डॉलर मला कळलं तेव्हा दोन महिन्यांत कायमचे जाणार होते.

झालं असं. २०२० च्या सुरुवातीला लग्न करून मी न्यू जर्सीत आले. नवरा एच-१बी वर, मी एच-४ वर. नोकरी करायची परवानगी नव्हती, पण एच-४ वर शिकता येतं. मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये एमएसला प्रवेश घेतला. आता फीचं काय? घरात पगार एकच, त्यातून एडिसनचं घरभाडं. साताऱ्याहून बाबा म्हणाले, "लग्नात तू दागिने नको म्हणालीस ना, ते पैसे ठेवीत तसेच आहेत. ते शिक्षणाला घे." त्यांनी ठेव मोडली आणि बँकेतून डॉलर थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यावर पाठवले. पुढची दोन वर्षं दर सेमिस्टरला हेच.

आमचं रिटर्न भरून देणारे गृहस्थ दरवर्षी एक एक्सेल पाठवतात. त्यात एक प्रश्न असायचा, यंदा कॉलेजची फी भरली का? तिन्ही वर्षं मी तिथे लिहिलं, "नाही, वडिलांनी भरली." अगदी प्रामाणिकपणे लिहिलं हो! बाबांच्या पैशावर आपण सवलत मागायची म्हणजे मला चोरीच वाटली असती. त्यांनी पहिला शब्द वाचला, 'नाही', आणि पुढे गेले. त्यांना तरी काय बोलणार? उत्तर मीच दिलं होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीचा मेल आला की तुमचं विद्यार्थी खातं बंद होणार आहे, हवी ती कागदपत्रं उतरवून घ्या. मार्कशीट उतरवताना शेजारी 'टॅक्स फॉर्म्स' असं दिसलं. उघडलं तर तीन वर्षांचे तीन १०९८-टी फॉर्म. एकदाही न उघडलेले.

१०९८-टी म्हणजे युनिव्हर्सिटीनं तुम्हाला आणि आयआरएसला दिलेला कागद, की या विद्यार्थ्याची इतकी फी आली. रकाना १ मध्ये मिळालेली फी, रकाना ५ मध्ये स्कॉलरशिप. माझ्या रकाना १ मध्ये २०२१ चे ९,४००, २०२२ चे १४,६०० आणि २०२३ चे ६,१५० डॉलर. रकाना ५ रिकामा. मग मी वाचायला बसले, आणि रात्री दोनला नवऱ्याला उठवलं.

नियम असा आहे. फी कोणाच्या खिशातून आली हे क्रेडिटसाठी बघतच नाहीत. तिसऱ्या कुणी थेट कॉलेजला पैसे भरले, तरी ते पैसे आधी विद्यार्थ्याला मिळाले आणि त्यानं कॉलेजला भरले असं धरतात. कर्ज काढून फी भरली तरी तेच, मग ते कर्ज इथल्या बँकेचं असो की आपल्या गावच्या. फी ज्या वर्षी भरली ते वर्ष धरायचं, कर्ज कधी फेडलं ते नाही. याची उलटी बाजूही ऐकून ठेवा. मुलगा आई-वडिलांच्या रिटर्नवर डिपेंडंट असेल, तर फी त्यानं स्वतः कमवून भरली तरी क्रेडिट आई-वडिलांचं.

क्रेडिट म्हणजे वजावट नाही बरं का. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट टॅक्समधून कमी होतं. शिक्षणाची क्रेडिट दोन आहेत. पहिलं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी, सगळे एओटीसी म्हणतात. ते पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी. पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर २५ टक्के, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५००. त्यातले १,००० पर्यंत टॅक्स शून्य असला तरी हातात मिळू शकतात. दुसरं लाइफटाइम लर्निंग. पहिल्या १०,००० डॉलर फीवर २० टक्के, म्हणजे एका रिटर्नवर जास्तीत जास्त २,०००. यात हातात काही मिळत नाही, फक्त असलेला टॅक्स कमी होतो. पण वर्षांची मर्यादा नाही, आणि एकच कोर्स घेतला तरी चालतो. एमएसवाल्यांचं क्रेडिट हे. १०९८-टी वर रकाना ९ मध्ये खूण असेल तर तुम्ही ग्रॅज्युएट विद्यार्थी आहात, एओटीसीचं स्वप्न सोडा.

दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे. एकट्यासाठी ८०,००० पासून क्रेडिट घटायला लागतं आणि ९०,००० ला संपतं. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला १,६०,००० ते १,८०,०००. लग्न झालेल्यांनी वेगवेगळं रिटर्न भरलं तर काहीच नाही.

आता आमचा हिशोब. २०२१ ला ९,४०० चे २० टक्के, १,८८०. २०२२ ला फी १४,६०० असली तरी १०,००० च धरायचे, म्हणून २,०००. २०२३ ला ६,१५० चे १,२३० झाले असते, पण नवऱ्याला बढती मिळून उत्पन्न १,६८,००० वर गेलं होतं. म्हणजे वरच्या टोकापासून १२,००० खाली. वीस हजारांच्या पट्ट्यात बारा, म्हणजे ६० टक्के क्रेडिट. ७३८ डॉलर. बढतीचे पेढे बरेच महाग पडले म्हणायचे.

फीमध्ये काय धरायचं हेही सांगते. ट्यूशन आणि सक्तीची फी. राहणं, खाणं, आरोग्य विमा, पार्किंग, काहीही धरायचं नाही. पुस्तकं एओटीसीमध्ये कुठूनही घेतली तरी चालतात. लाइफटाइम लर्निंगमध्ये फक्त कॉलेजलाच सक्तीनं पैसे भरून घ्यावी लागली तर. मिळालेली करमुक्त स्कॉलरशिप आधी वजा करायची.

जुनं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म म्हणजे १०४०-एक्स. दर वर्षाचा वेगळा, तीन वर्षं एकात कोंबता येत नाहीत. तीन स्तंभ असतात: आधी काय भरलं, फरक किती, आता बरोबर काय. खाली कारण लिहायचं. मी चार ओळी लिहिल्या: शिक्षण क्रेडिट घ्यायचं राहिलं, १०९८-टी प्रमाणे फी इतकी, फॉर्म ८८६३ सोबत जोडला आहे. त्यात बाबा, दागिने, सातारा काही घातलं नाही. नवऱ्यानं मसुदा वाचून विचारलं, "एवढंच?" एवढंच लागतं.

खरा अडसर मुदतीचा. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा टॅक्स भरल्यापासून दोन वर्षं, यात जे नंतर येईल ते. मुदतीआधी भरलेलं रिटर्न मुदतीच्या दिवशीच भरलं असं धरतात. आमचं २०२१ चं रिटर्न मार्च २०२२ मध्ये गेलं होतं, म्हणून मी १५ एप्रिल २०२५ ही तारीख डोक्यात पक्की धरली. त्यानंतर आयआरएसला पटलं तरी पैसे देता येत नाहीत. आणि ऑनलाइन दुरुस्ती चालू वर्षाची आणि आधीच्या दोनच वर्षांची होते. म्हणजे २०२२ आणि २०२३ ऑनलाइन, पण नेमकं २०२१ कागदावर. छापलं, दोघांनी सह्या केल्या, पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलनं पाठवलं आणि पावती फ्रीजवर चिकटवली. तारखेच्या आत पोस्टाचा शिक्का पडला की पुरतं, म्हणून ती पावती जपायची. ती अजून फ्रीजवरच आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही एफ-१ वाल्यांनी नीट ऐका. माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये एमएस करतो, ऑगस्ट २०२२ मध्ये आला. मी घरच्या ग्रुपवर माझी हकीकत टाकली, तर त्याचा लगेच फोन. "ताई, मी तर एओटीसी घेतलंसुद्धा. हजार डॉलर आले. आमच्या रूमवर सगळ्यांनीच घेतलंय."

माझ्या पोटात गोळा आला. एफ-१ वर आलेला विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीनं अनिवासी असतो. ऑगस्टमध्ये आलात तरी ते वर्ष पूर्ण मोजतात. म्हणजे याची २०२२ ते २०२६. त्यानं १०४०-एनआर भरायचा, आणि त्यावर ही क्रेडिट मिळत नाहीत. इथल्या नागरिक किंवा निवासी जोडीदाराबरोबर एकत्र रिटर्न भरायचा पर्याय निवडला तर गोष्ट वेगळी, पण हा पठ्ठ्या सडाफटिंग. शिवाय एमएस करतोय, म्हणजे एओटीसी तसंही नाहीच. सॉफ्टवेअर विचारतं, तुम्ही निवासी आहात का? हा म्हणाला, "ताई, मी राहतोच ना इथे!"

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नियमांकडे बेफिकिरीनं दुर्लक्ष करून एओटीसी घेतलं असं ठरलं, तर पुढची दोन वर्षं ते घेता येत नाही. फसवणूक ठरली तर दहा वर्षं. वर दंडाची शक्यता. आणि ज्याला पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड हे सगळे सोपस्कार करायचेत, त्यानं टॅक्सच्या कागदावर खोटं ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो आठवडाभर कुरकुरला. "सगळे घेतात, मीच का परत करू?" मी म्हटलं, सगळ्यांचं मला माहीत नाही, तुझ्या रिटर्नवर सही तुझी आहे. शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं बसलो. त्यासाठीही १०४०-एक्सच लागतो, सोबत नव्यानं भरलेला १०४०-एनआर. हजार डॉलर आणि वर व्याज त्यानं भरलं. एक दिलासा होता. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर वरही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. ते त्याचं शाबूत राहिलं.

तेव्हा फॉर्म तोच, मला त्यानं पैसे दिले आणि त्याच्याकडून घेतले. आधी आपण निवासी की अनिवासी हे ठरवा, मग क्रेडिटचा विचार करा.

एच-४ वाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मी शिकत होते तेव्हा माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, आयटीआयएन होता, आणि त्यावर लाइफटाइम लर्निंग मिळालं. २०२५ मध्ये कायदा बदलला. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून या क्रेडिटना सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. त्यामुळे आयटीआयएनवर शिकलेल्यांनी जुनी वर्षं आत्ताच तपासा. एओटीसीचं आणखी कडक आहे: त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत नंबरच काढला नसेल, तर नंतर नंबर काढून जुन्या वर्षाचं क्रेडिट मागता येत नाही.

आमच्या पैशांचं काय झालं? आयआरएस साधारण ८ ते १२ आठवडे सांगते, कधी १६. पाठवल्यावर तीनेक आठवड्यांनी त्यांच्या साइटवर स्थिती दिसायला लागते. ऑनलाइनवाली दोन वर्षं जूनमध्ये खात्यावर आली. कागदी २०२१ नं वाट बघायला लावली, चेक नोव्हेंबरमध्ये आला, व्याजासकट. ते व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं, विसरू नका. न्यू जर्सीचं राज्याचं रिटर्न आम्हाला बदलावं लागलं नाही, कारण उत्पन्नाचा आकडा तोच राहिला. तुमच्या राज्याचं तुम्ही बघा.

बाबांना फोन केला. पहिली प्रतिक्रिया, "अगं, फी मी भरली, सवलत तुम्हाला कशी?" तासभर समजावलं. मग म्हणाले की डॉलर पाठवताना सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँकेनं पाच टक्के टीसीएस कापला होता, तो त्यांनी त्याच वर्षी आपल्या रिटर्नमध्ये लावून घेतलासुद्धा. साताऱ्यातल्या सीएनं आठवण करून दिली होती म्हणे. म्हणजे तिकडे बाबांनी आपलं चोख वसूल केलं, आणि इकडे मी एक्सेलमध्ये 'नाही' लिहीत बसले होते.

पैसे परत पाठवू का विचारलं, तर म्हणाले, "ठेवा तिकडेच. आईला मात्र सांगू नकोस, ती दागिन्यांचा विषय काढेल."

चला, आज इथेच थांबते. युनिव्हर्सिटीचं जुनं खातं अजून उघडत असेल तर आज रात्रीच १०९८-टी उतरवून घ्या. भेटू पुढच्या भागात.