लहान कारखानदार आणि पुरवठ्याची साखळी

कोल्हापूरनजीक शिरोलीस किंवा गोकुळ शिरगावास ओतकामाचे जे कारखाने आहेत, त्यांना तिकडे फौंड्री म्हणतात. तेथे सकाळी भट्टी तापते, वितळलेले बीड वाळूच्या साच्यांत ओतले जाते आणि थोड्याच दिवसांत तो ओतीव भाग घासून, कातून व तपासून चाकणच्या एखाद्या मोटारीच्या कारखान्याकडे रवाना होतो. एवढे वर्णन ऐकून व्यवहार समजला असे कोणास वाटेल. पण वास्तविक तो एक-तृतीयांशच समजलेला असतो. मालाबरोबर आणखी दोन गोष्टींचा प्रवास चाललेला असतो. एक, मागणीचा निरोप. हा चाकणहून कोल्हापुरास येतो आणि तेथून कच्चे लोखंड, भंगार व वाळू पुरविणाऱ्यांकडे पुढे जातो. दुसरी, मालाचा पैसा. तो येतो निरोपाच्याच वाटेने, परंतु पुष्कळ सावकाश. माल, निरोप आणि पैसा या तीन प्रवाहांची मिळून जी गुंफण होते, तिलाच पुरवठ्याची साखळी म्हणतात. संगणक आणि मोबाईल यांच्या योगाने आज जे परिवर्तन घडत आहे, ते मुख्यत्वेकरून यांतील दुसऱ्या प्रवाहाचे, म्हणजे निरोपाचे होय. त्याचा लाभ तिसऱ्या प्रवाहास कितपत पोहोचतो, हा लहान कारखानदाराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

निरोप उशिरा आला किंवा वाटेत बदलला तर काय होते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे विवेचन केले आहे. समजा, मोटारींचा खप शेकडा पाचांनी वाढला. मोटारींचा कारखानदार सावधगिरी म्हणून शेकडा दहा जास्त भाग मागवितो. मधला जोडभागवाला आपल्याकडे तूट पडू नये म्हणून शेकडा वीसांची मागणी नोंदवितो. फौंड्रीवाल्यास मूळचा पाचाचा आकडा ठाऊकच नसतो. त्याला दिसतो तो वीसाचा, आणि तो शेकडा चाळीस जास्त लोखंड आणून आवारात टाकतो. हे आकडे अर्थात् समजुतीपुरते आहेत. दोन महिन्यांनी खप पूर्ववत झाला की मोटारवाल्याचे थोडेसे नुकसान होते. फौंड्रीवाल्याच्या आवारात मात्र लोखंडाचा ढीग गंजत पडतो आणि त्यावर बँकेचे व्याज रोजच्या रोज चढते. चाबकाची मूठ किंचित हलविली तरी त्याचे टोक किती जोराने फटकारते, हे गाडीवानास सांगावे लागत नाही. या प्रकारास पुढे त्याच अर्थाचे नाव पडले. गाठीस भांडवल थोडे आणि स्थान साखळीच्या टोकाला, अशा दुहेरी कारणाने फटकारा बसतो तो लहान माणसास.

याच संस्थेत विद्यार्थ्यांकडून एक खेळ खेळविला जातो. चौघेजण किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार अशा भूमिका घेतात. गिऱ्हाइकाची मागणी सबंध खेळात एकदाच वाढते व नंतर तेवढीच राहते. असे असूनही चारही ठिकाणी कधी तुटवडा, कधी डोंगराएवढा साठा, असा गोंधळ उडतो. त्यांतील कोणी मूर्ख नसतो. प्रत्येकाला केवळ शेजाऱ्याचा निरोप ऐकू येतो, गिऱ्हाइकाचा येत नाही, एवढेच.

यावर जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या ताइइची ओनो यांनी जो तोडगा काढला, तो कागदाच्या चिठ्ठीचा होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भागांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी. पेटी वापरास काढली की चिठ्ठी मागे जावयाची, आणि चिठ्ठी आल्याखेरीज मागच्याने नवा भाग करावयाचा नाही. संगणकाचा यात संबंध नव्हता. खपलेल्या मालाचा खरा निरोप, आणि तो खपल्याबरोबर, एवढेच त्यातले मर्म. पुढे या चिठ्ठ्यांवर काळ्या रेघांचे संकेत आले. पण भागांचे प्रकार वाढले तसे एका रेघपट्टीत मावेनासे झाले, आणि कामगारांना एकेका पेटीवरच्या अनेक पट्ट्या यंत्रापुढे धराव्या लागू लागल्या. ही अडचण दूर करण्यासाठी मोटारीचे भाग बनविणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली चौकटीचा संकेत तयार केला. त्यात सात हजारांपर्यंत अंक मावतात. कंपनीने त्याचा वापर जगाला मोकळा ठेवला. आज चहाच्या टपरीवर पैसे देण्यासाठी ज्या चौकटीपुढे मोबाईल धरतात ती हीच. मोटारीच्या सुट्या भागांची मोजदाद करण्यासाठी ती जन्मास आली, हे कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्याला ऐकून कौतुक वाटावे.

भारतात लहान कारखानदाराकडे हे परिवर्तन त्याच्या हौसेने फारसे आलेले नाही. ते सरकारी कायद्याने आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला. महाराष्ट्रातील जकात नाक्यांची जुनी परंपरा त्याच दिवशी मुंबईतही संपली. मागोमाग १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यावयाचा तर त्याची आगाऊ नोंद करून ई-वे बिल घेणे प्राप्त झाले. महाराष्ट्राच्या हद्दीत ही मर्यादा एक लाखाची आहे. या बिलाची मुदत अंतरावर ठरते. २०२१ च्या आरंभापासून दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस, असा हिशेब आहे. म्हणजे कोल्हापुराहून चाकणपर्यंत दोन दिवस. बिजकांचेही तेच झाले. सरकारी संगणकाकडून क्रमांक व चौकटीचा संकेत घेऊन मगच बीजक द्यावयाचे, हा दंडक ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाला. तो पायरीपायरीने खाली उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर येऊन ठेपला. अशा रीतीने ज्या कारखान्यात काल-परवापर्यंत कार्बन घालून चलन फाडीत, तेथे मालाच्या प्रत्येक गाडीची तारीख, वेळ, किंमत व वाहनाचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या तरी दप्तरात आपोआप नोंदला जाऊ लागला.

पण सरकारी नोंद झाली म्हणजे कारखान्याच्या आतला हिशेब सुधारला असे नव्हे. आत खरी गाठ पडते ती भांडाराशी. एखाद्या मध्यम फौंड्रीच्या भांडारात पाऊल टाकले तर एकाच नटाला तीन नावे आढळतात: खरेदी करणाऱ्याचे एक, मिस्त्रीचे दुसरे आणि गिऱ्हाइकाच्या नकाशावरचे तिसरे. जुना भांडारवाला असतो तोवर कोठे अडत नाही, कारण तिन्ही नावे त्याच्या डोक्यात एक झालेली असतात. संगणकास ते डोके नाही. तो तीन नावांचे तीन जिन्नस समजतो, एक संपला म्हणून नवा मागवितो, आणि शेजारच्या फळीवर दोन पोती भरून तोच जिन्नस धूळ खात असतो. यास्तव, ज्यांनी हे काम नेटाने केले ते प्रथम यंत्र विकत घेत नाहीत. प्रत्येक वस्तूस एक नाव, एक क्रमांक आणि ठेवण्याची एक जागा, हे आधी ठरवितात. काम कंटाळवाणे आहे, त्याची जाहिरात कोणी करीत नाही, आणि बहुतेक योजना येथेच फसतात. दुसरी गोष्ट मोजणीची. पडद्यावर चारशे नग दिसतात आणि फळीवर तीनशे सत्तर निघतात, तेव्हा लोकांचा पडद्यावरील विश्वास एकदा उडतो तो परत बसत नाही. वर्षाकाठी दिवाळीला सबंध भांडार मोजण्यापेक्षा रोज दहा-वीस जिन्नस मोजून चूक त्याच दिवशी दुरुस्त करणे अधिक सोयीचे ठरते. शिल्लक जुळल्याखेरीज उठू नये, हा रोजकीर्द लिहिणाऱ्या जुन्या मुनिमाचा दंडक. तोच येथे लोखंडाला लावावयाचा असतो. जेथे वही आणि संगणक ही दोन्ही वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी चालतात, तेथे श्रम दुप्पट होतात आणि खरे कोणते मानावे याचा तंटा मात्र कायम राहतो.

येथवर कारखानदाराच्या हातचे झाले. यापुढील भाग त्याच्या एकट्याच्या हातचा नाही. मोठ्या कंपन्यांनी आपापल्या पुरवठादारांसाठी संगणकावर स्वतंत्र दालने उघडली आहेत. मागणी तेथे यावयाची, माल निघाल्याची वर्दी तेथे द्यावयाची, बीजकही तेथेच चढवावयाचे. कंपनीला पुरवठादारांचा सगळा कारभार एका पडद्यावर दिसतो. परंतु पाच कंपन्यांना माल देणाऱ्या लहान कारखानदारास तीच माहिती पाच दालनांत, पाच तऱ्हांनी, पाच परवलीचे शब्द लक्षात ठेवून भरावी लागते. मोठ्याचा कारकून कमी झाला आणि लहानाचा वाढला, असे याचे रोखठोक वर्णन करता येईल. पुन्हा, जो निरोप लहानास हवा, म्हणजे पुढील तीन महिन्यांत खरोखर किती गाड्या बनणार, तो या दालनांत कित्येकदा अंदाज म्हणूनच असतो, आणि अंदाज चुकल्याचे उत्तरदायित्व कोणी घेत नाही. माहिती वर मोकळेपणाने चढते. खाली येताना ती गाळून येते. फॉरेस्टर यांनी दाखविलेला दोष अशा साखळीत विजेच्या वेगाने चालणारी यंत्रे बसविल्यानेही जात नाही.

राहिला पैसा. २००६ च्या कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल, करार काहीही असो, पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते केले पाहिजे. न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा कडक आहे. पण ज्या गिऱ्हाइकावर भट्टी चालते त्याच्यावर फिर्याद कोण करणार? म्हणून कायद्याने दुसऱ्या वाटा शोधल्या. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली की, मुदतीत न दिलेली ही रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून प्राप्तिकरातून वजा मिळणार नाही. ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. यामुळे गिऱ्हाइके नोंदणीकृत लहान उद्योगांकडून मालच घेईनाशी होतील, अशीही भीती त्या वेळी व्यापारी वर्गात बोलून दाखविली गेली.

दुसरी वाट बाजारपेठेची आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले, आणि जानेवारी २०१७ मध्ये मुंबईत अशी पहिली पेठ सुरू झाली. तिला ‘ट्रेड्स’ म्हणतात. हुंडीचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाही. लहान कारखानदाराचे बीजक पेठेत मांडले जाते, खरेदीदार कंपनी ते मान्य करते, आणि मग बँका त्यावर कमीत कमी कसराची बोली करतात. ज्याची बोली पसंत पडेल तो कसर कापून कारखानदारास लागलीच पैसे देतो आणि मुदत भरल्यावर कंपनीकडून वसूल करतो. हुंडीहून भेद एकच, पण तो मोठा आहे. हुंडी न पटल्यास ती लिहून देणाऱ्याच्या दारी परत येई. येथे कंपनीने पैसे बुडविले तरी बँकेला लहान कारखानदाराकडे परत मागता येत नाही. मोठ्या कंपन्यांना या पेठेत नाव नोंदविण्याची सक्ती झाली ती २०१८ मध्ये, पाचशे कोटींवरील उलाढालीस. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ती मर्यादा अडीचशे कोटींवर आणली. तथापि सक्ती नाव नोंदविण्याची आहे. बीजक मान्य करण्याचा अधिकार खरेदीदाराकडेच राहिला आहे, आणि त्याने मान्यता दिली नाही तर बीजक पेठेत नुसते पडून राहते.

मग आपली नोंद नीट ठेवून लहान माणसाच्या पदरात काय पडते? याचे उत्तर त्याच २००६ च्या कायद्यातील एका व्याख्येत आहे. मुदत मोजावयाची ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. खरेदीदाराने पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर माल प्रत्यक्ष पोहोचला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो. तोंडी तक्रार, निरोप्याकरवी आलेली कुरकुर, ‘तपासणी चालू आहे’ हे टेलिफोनवरचे शब्द, यांना हिशेबात जागा नाही. पूर्वी वाद होई तो या दिवसावरच. कारखानदार म्हणे माल चार तारखेस पोहोचला. कंपनीचे दप्तर वीस तारीख दाखवी. आणि दप्तर कंपनीचेच असल्याने तीच तारीख खरी ठरे. आता ई-वे बिलावर गाडी निघाल्याची वेळ असते, टोलनाक्यांवर ती कोणत्या घटकेस ओलांडली याची खूण उमटते, आणि फाटकावर माल उतरवून घेताना पोचपावतीवरील संकेत मोबाईलने टिपता येतो. ही सर्व नोंद कारखानदाराच्या स्वतःच्या दप्तरात, गाडीवार, बीजकाच्या क्रमांकासह जपलेली असेल, तर चार तारीख ही चार तारीखच राहते. ती केवळ कंपनीच्या दालनात असेल, तर गिऱ्हाइकाशी बिनसले त्या दिवशी परवलीचा शब्द चालेनासा होतो आणि तारीखही त्याबरोबर आतच राहते. कोल्हापूरच्या फौंड्रीत सायंकाळी भट्टी थंड होत असता कारकुनाने प्रत्येक गाडीची पोचपावती उतरवून घेऊन आपल्या खात्यात जोडावी, याला अर्धा तास पुरतो.